प्रसूती कक्षासाठी निधी आहे, टाइल्स बसवाव्या की आणखी काही?

घाटाकडची पंच:

सगळ्यांना नमस्कार. गोव्यात घाटाच्या बाजूला आमची पंचायत. महिला राखीव प्रभागातून मी निवडून आले आणि यंदा आमच्या आरोग्य केंद्राच्या रोगी कल्याण समितीवर माझं नाव घातलंय. थोडा निधी शिल्लक आहे, तो प्रसूती कक्षावर खर्च करायचा असं पहिल्याच बैठकीत ठरलं. इथवर सगळं गोड. कशावर करायचा म्हटल्यावर एक सदस्य म्हणाले भिंतींना टाइल्स. दुसरे म्हणाले बाहेर बसणाऱ्यांसाठी टीव्ही. तिसऱ्यांना दारावर मोठा फलक हवाय, उद्घाटनाच्या तारखेसकट. मी विचारलं, यातलं बाळंतिणीच्या कामाचं काय? तर म्हणे, "बाई, गोव्यात आता घरी कोण बाळंत होतं? सगळ्या इस्पितळातच जातात. तो प्रश्न सुटला."

खरंच सुटला का? गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावरची एक पहिलटकरीण इस्पितळात व्यवस्थित बाळंत झाली. मूल रडलं, वजन चांगलं भरलं, घरी फोन गेले. मग बऱ्याच वेळानं सासू चादर सारखी करायला गेली तेव्हा तिला दिसलं की खाली सगळं भिजलंय. धावपळ, १०८ ची गाडी, बांबोळीचं मेडिकल कॉलेज, रक्ताच्या पिशव्या. वाचली, आता बरी आहे. कोणाला दोष द्यायला हे लिहीत नाही, त्या रात्री ड्यूटीवर एकच सिस्टर होती.

तर विचारायचं हे की थोडक्या पैशांत बाळंतपण जास्त सुरक्षित होईल असं काय करता येईल? आणि डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारू, ज्यानं त्यांना राग येणार नाही आणि मलाही काही कळेल? माझं शिक्षण बारावी, धंदा शिवणकामाचा. आमच्याकडे महिन्याला मोजकीच बाळंतपणं होतात, बाकीच्या थेट म्हापशाला आझिलो इस्पितळात किंवा बांबोळीला जातात.


जुनी सिस्टर:

पंचबाई, मी सरकारी इस्पितळांच्या लेबर रूममध्ये नोकरी करून निवृत्त झाले. टाइल्सचं शेवटी बोलू, आधी त्या चादरीचं बोलू.

मूल बाहेर आलं की खोलीतल्या सगळ्यांची तोंडं मुलाकडे वळतात. रडलं का, वजन किती, मुलगा की मुलगी, बाहेर कोणी सांगायचं. आई टेबलावर एकटी पडते. तिला झोप लागली तर सगळ्यांना बरंच वाटतं, दमली बिचारी. रक्त गेल्यामुळे आलेली गुंगी आणि दमल्यामुळे आलेली झोप लांबून सारखीच दिसते. बाळंतपणात बायका दगावतात त्यातल्या पुष्कळ मूल झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, आणि त्या इस्पितळातच असतात. म्हणून "सगळ्या इस्पितळात जातात" हे उत्तर मला अर्धं वाटतं. इस्पितळात गेल्यावर तिच्याकडे कोण बघत होतं, ते सांगा.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक वरिष्ठ सिस्टर होत्या, मडगावच्या, गुडघे दुखायचे त्यांचे. वार (बाळाची नाळ जोडलेली असते तो गोळा) पडल्यावर त्या स्टूल ओढून बाळंतिणीशेजारी बसायच्या आणि हात तिच्या पोटावर ठेवायच्या. गप्पा मारायच्या, कोणत्या गावची, घरी कोण कोण, पण हात हलायचा नाही. गर्भपिशवी मऊ लागली की बोलता बोलता चोळायला लागायच्या. आम्ही पोरी हसायचो, म्हातारीला बसायला निमित्त हवं म्हणून. त्यांच्या ड्यूटीला मात्र चादर कधी सासूनं बघितली नाही.

आता तसा हात ठेवायला माणूस नाही हे मला ठाऊक आहे. पण मोजायला साधन आहे. रक्त किती गेलं याचा डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमी निघतो, अनुभवी माणसाचाही. कपड्यात मुरतं, बादलीत जातं, जमिनीवर जातं. त्यासाठी खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी मिळते, बाळंतिणीच्या खाली पसरायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती, त्यावर मिलीलिटरच्या रेघा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० इस्पितळांत दोन लाखांवर बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला, २०२३ साली छापून आला. ही पिशवी लावायची, पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी बघायचं, आणि ५०० मिलीलिटरची रेघ ओलांडली की एकामागून एक वाट न बघता सगळं एकदम करायचं: गर्भपिशवी चोळणं, ती आकसायचं औषध, रक्त थांबायला मदत करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड, सलाईन, आणि रक्त कुठून येतंय ते तपासणं. आधी एक करून बघू मग दुसरं, असं नाही. एवढ्यानं भयंकर रक्तस्राव आणि त्यातून होणारी गुंतागुंत ६० टक्क्यांनी कमी झाली. नवीन औषध एकही नव्हतं त्यात. सगळी औषधं तुमच्या केंद्राच्या कपाटात असतील.

कपाटात की फ्रिजमध्ये, हा पुढचा प्रश्न. ऑक्सिटोसिन, म्हणजे ते गर्भपिशवी आकसायचं औषध, थंड ठेवावं लागतं, २ ते ८ अंश. मूल झाल्यावर मिनिटाभरात १० युनिट दंडात किंवा मांडीत द्यायचं, सगळ्यांना, रक्त जावो न जावो. पावसात तुमच्याकडे वीज किती वेळ जाते ते तुम्हीच सांगा. गरम झालेलं औषध दिसायला तसंच असतं, बाटलीवरची तारीखही पुढची असते, पण गर्भपिशवी आकसत नाही. सिस्टरला वाटतं औषध दिलंय, आता आकसेल. तो फ्रिज इन्व्हर्टरवर आहे का बघा. आत थर्मामीटर आहे का आणि रोज तापमान लिहायची वही आहे का तेही. आणि त्यात कोणाचा जेवणाचा डबा, दुधाची पिशवी दिसली तर काही बोलू नका, नुसतं बघा. दुसऱ्या दिवशी दिसणार नाही.

रात्री जा बघायला. दिवसा सगळी लेबर रूम छान दिसते. टेबलावर पडणारा दिवा पेटतो का, नळाला पाणी आहे का, कोपरानं उघडणारा नळ आहे का, साबण आहे का. नवजात बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि मास्क कुठे आहे हे तिथल्या सिस्टरला न विचारता तुम्हाला सापडतं का? कुलपात असेल तर किल्ली कोणाकडे? आणि संडास. कळा देणाऱ्या बाईला व्हरांड्याच्या टोकाला जावं लागत असेल तर ती पाणी प्यायचं टाळते, लघवी धरते, आणि भरलेल्या मूत्राशयानं गर्भपिशवी नीट आकसत नाही. टाइल्स लावायच्याच असतील तर त्या संडासात लावा.

रक्तदाबाचं यंत्रही विचारा, शेवटचं कधी तपासून आणलं. एकाला विचारा, चौघांना विचारू नका, नाहीतर वाटेल तपासणीला आलात.


एक वाचक:

आमच्या आजीच्या वेळी वैजीण (सुईण) घरी यायची. दहा-दहा मुलं झाली, कोणाला काही झालं नाही. आता उगाच यंत्रं आणि भीती.


जुनी सिस्टर:

दहा मुलं झालेल्या आज्या भेटतात, कारण त्या जगल्या. ज्या गेल्या त्यांच्या घरी दुसरी बायको आली आणि तिची नातवंडं इथे लिहितात. वैजिणीच्या हाताला मी नावं ठेवत नाही, पुष्कळ जणींचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. रक्त थांबलं नाही तर तिच्यापाशी पुढे काही नव्हतं, एवढंच.


डिचोलीची सून:

माझं बाळंतपण झाल्याला अजून वर्ष नाही, म्हणून ताजं ताजं सांगते. इस्पितळाचं नाव घेत नाही, डॉक्टर चांगले होते, मुलगी छान आहे.

पण त्या खोलीत मी एकटी होते. आई बाहेर बाकावर, दार बंद, आत पाच मिनिटांनी एक माणूस यायचं, आणि प्रत्येक वेळी वेगळं. मध्ये पडदा नव्हता. पलीकडच्या टेबलावर एक कानडी बाई होती, तिला मराठीही येत नव्हतं कोंकणीही नाही, तिला ओरडत होते "दम लाव, दम लाव" आणि ती बघत होती माझ्याकडे. मला पाणी हवं होतं. मागायची भीती वाटत होती, कारण आधी एकदा विचारलं तर "आता गप्प पड" असं ऐकलं होतं. शेवटी एकीनं वरून पोटावर जोर दिला. नंतर समजलं की ते करायचं नसतं, जागतिक आरोग्य संघटना करू नका म्हणून सांगते.

तर पंचताई, तुमच्या यादीत दोन वस्तू घाला. टेबलांच्या मध्ये पडदे, आणि प्रत्येक टेबलाशेजारी एक खुर्ची. खुर्ची कोणासाठी? सोबतिणीसाठी. सरकारी इस्पितळात प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत असू शकते असं केंद्र सरकारनं २०१६ मध्येच ठरवलंय. स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, आणि तिनं सिस्टरांच्या कामात मध्ये पडू नये, अशा अटी आहेत. आडोसा नीट असेल तर नवऱ्यालाही सोडू शकतात. आमच्याकडे "जागा नाही" हे कारण सांगितलं जातं. पडदा नसतो म्हणून दुसऱ्या बाईची सोबतीण आत नको वाटते, हे मला पटतं. मग पडदा लावा ना!

आणि वर सिस्टरनी लिहिलंय तसं हात ठेवून बसायला माणूस नाही ना? माझी आई बसली असती. कुठे चोळायचं आणि कधी हाक मारायची एवढं तिला दाखवलं असतं तर तिनं रात्रभर हात हलवला नसता.


जुनी सिस्टर:

हे शेवटचं फार चांगलं बोललीस गो बाये. आईला दाखवता येतं. बाळंतिणीलाही स्वतःला दाखवता येतं, बेंबीखाली कडक गोळा लागला पाहिजे, मऊ झाला तर हाक मार. पण त्याच्या भरवशावर सिस्टरची फेरी रद्द होता कामा नये. सोबतीण ही वाढीव डोळे म्हणून. ड्यूटीच्या बदल्यात नव्हे.

पोटावर जोर देण्याबद्दल बरोबर आहे. सरसकट खाली चीर देऊन टाके घालणं, सरसकट एनिमा, केस काढणं, हेही आता करायचं नसतं. चालू दे, बसू दे, पाणी-चहा पिऊ दे.


रुग्णवाहिकेतला:

मी १०८ वर आहे. गाडी चालवत नाही, मागे पेशंटबरोबर असतो. लांब लिहिता येत नाही पण माझं एक दुखणं आहे ते लिहितो.

आम्हाला बाळंतीण नेहमी "आत्ताच्या आत्ता" दिली जाते. कागद हातात येतो त्यावर लिहिलेलं असतं "पुढील उपचारासाठी बांबोळी". बस. रक्तस्राव कधी सुरू झाला नाही, काय औषध दिलं नाही, किती वाजता दिलं नाही. मी गाडीत बसून तिच्या आईला विचारतो, इंजेक्शन दिलं का, तर आई म्हणते दोन दिली, एक पांढरं. यातून मी पुढच्या डॉक्टरांना काय सांगणार?

झटके येणाऱ्या किंवा रक्तदाब खूप चढलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच गाडीत चढवायचं असतं. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, तो डोस लहान केंद्रातली सिस्टरही देऊ शकते. "तिकडे गेल्यावर देतील" म्हणून सोडलेली मी बघितली आहे. घाटाकडून बांबोळी तासाभराच्या वर. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी म्हापसा आणि पणजीची वाहतूक तुम्हाला माहीत आहे, सायरनला कोण बाजूला होतो? बाजूला व्हायला जागाच नसते.

पंचबाईंना पैसे न लागणारी गोष्ट सांगतो. केंद्राचा रेफरचा कागद छापून घ्या, त्यावर रकाने पाडून: वेळ, रक्तदाब, नाडी, रक्तगट, हिमोग्लोबिन, किती रक्त गेलं, कोणतं औषध किती वाजता, आणि शेवटी पुढच्या इस्पितळात फोन कोणाशी झाला. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. फोन गेला असेल तर आम्ही पोचतो तेव्हा रक्त मागवलेलं असतं. नसेल तर आमच्यासमोर सुरुवात होते, केसपेपर काढा इथून.

आणि शिरेत सुई घालून पाठवा. रक्त गेलेल्या बाईची शीर हलत्या गाडीत मिळत नाही.


नवा डॉक्टर:

स्त्रीरोग विभागात शिकतोय, त्यामुळे थोडा वाद घालतो. वर सगळ्यांनी लिहिलेलं चुकीचं नाही. पण पंचताई ही यादी घेऊन जातील, वस्तू येतील, आणि सहा महिन्यांनी कपाटात जातील. हे मी होताना बघितलंय.

उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर एक मोठा प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची २९ मुद्द्यांची यादी आहे, दाखल होताना, कळ देण्याआधी, प्रसूतीनंतर तासाभरात आणि घरी सोडताना अशा चार वेळी बघायची. निम्म्या केंद्रांत ती यादी दिली, शिकवायला माणसं दिली. सिस्टरांची कामाची पद्धत खरंच सुधारली, हात धुणं, वेळेवर ऑक्सिटोसिन, सगळं. शिकवणाऱ्यांच्या फेऱ्या कमी झाल्यावर ते पुन्हा घसरलं. आणि आई-बाळांच्या मृत्यूत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणून भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद बघितला की मला धडकी भरते, काम झालं असं सगळ्यांना वाटतं.

तुमच्याकडे महिन्याला मोजकी बाळंतपणं होतात, हाच खरा धोका आहे. जोराचा रक्तस्राव तिथल्या नव्या सिस्टरला कदाचित वर्षभर दिसणारच नाही. आणि दिसेल तो रात्री दोनला. त्यासाठी सराव लागतो, अग्निशामक दल करतं तसा. महिन्यातून एकदा, न सांगता, एक सिस्टर बाळंतीण बनून टेबलावर झोपेल, दुसरी ओरडेल "रक्त जातंय", आणि घड्याळ लावायचं. औषध हातात यायला किती मिनिटं, किल्ली कुठे, फोन कोण करतंय. पैसा शून्य. डॉक्टरांची तयारी हवी, आणि समितीनं दर बैठकीत "या महिन्यात सराव झाला का" एवढं विचारायला हवं.

दुसरं, गोव्याचा धोका थोडा निराळा आहे. आपल्याकडे घरचं बाळंतपण जवळजवळ नाहीच, ते खरं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातली सिझेरियनं ३९ टक्क्यांच्या वर होती, देशात २१.५. गरजेचं सिझेरियन जीव वाचवतं, त्याबद्दल बोलत नाही. पण पहिलं सिझेरियन झालेली बाई दुसऱ्या खेपेला वेगळी असते. वार जुन्या व्रणावर चिकटलेली असू शकते, आणि तसं असेल तर ते लहान केंद्रात ऐन बाळंतपणात कळता कामा नये. अशा बायकांची यादी आशा कार्यकर्ती आणि नर्सकडे आधीपासून हवी, सोनोग्राफीत वारेची जागा नीट बघितलेली हवी, आणि तारखेच्या आधीच मोठ्या इस्पितळात नाव घातलेलं हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे हे काम होऊ शकतं. त्याच दिवशी हिमोग्लोबिनही. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात आहे तिला ५०० मिलीलिटर म्हणजे थोडकं नव्हे. सातव्या महिन्यात शिरेतून लोह दिलं तर बाळंतपणापर्यंत भरून निघतं. नवव्यात कळलं तर रक्त शोधत बसायचं.


जुनी सिस्टर:

डॉक्टर, सरावाचं मान्य. एकच दुरुस्ती, "न सांगता" रात्री दोनला नको. एकट्या सिस्टरला घाबरवून काय मिळणार, शिफ्ट बदलताना करा, दोन्ही पाळ्यांच्या असतात तेव्हा. आणि सराव झाल्यावर कोण चुकलं ते वहीत लिहू नका. काय सापडलं नाही ते लिहा.


घाटाकडची पंच:

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी अंधार पडल्यावर जाऊन आले, मेडिकल ऑफिसरना आधी फोन करून. चांगले आहेत हो, तरुण आहेत, स्वतःच सगळं दाखवलं. दिवा पेटतो. पाणी आहे. फ्रिज इन्व्हर्टरवर नाही. थर्मामीटर आहे, वही एप्रिलपर्यंत भरलीय. बाळाचा मास्क सिस्टरनी लगेच काढून दाखवला. संडास व्हरांड्याच्या टोकालाच, सिस्टरबाईंनी न बघता ओळखलं! पडदे धुवायला गेलेत म्हणाले, कधी गेले ते विचारलं नाही मी.

पडदे मी स्वतः शिवून देईन, कापड समितीनं घ्यावं. रेफरचा कागद छापायला साहेब तयार आहेत, ते म्हणाले जिल्ह्याचा नमुना असतो, त्यालाच रकाने जोडू. आता अडलंय ते रक्त मोजायच्या पिशवीचं. एक सदस्य म्हणाले औषधं आणि साहित्य सरकार देतं, समितीनं का घ्यायचं? बरोबर आहे का त्यांचं?


जुनी सिस्टर:

त्यांचं अर्धं बरोबर आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी इस्पितळात बाळंतपण, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं फुकट द्यायचं असतं. म्हणून ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक, मॅग्नेशियम समितीच्या पैशांतून घेऊ नका, ते वरून मागवायला लावा. मागणी लेखी करायची आणि तिची प्रत बैठकीत ठेवायची. मोजायच्या पिशव्याही आधी त्याच मागणीत लिहा. त्या येईपर्यंत थोड्या समितीतून घ्यायला हरकत कोणाची नसावी, महागाची वस्तू नाही ती. इन्व्हर्टर, संडास, पडद्याचं कापड, खुर्च्या ही मात्र समितीचीच कामं.

पिशवी वापरायची कशी ते शिकायला सिस्टरांना जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला पाठवायला साहेबांना सांगा. एक दिवस पुरतो. त्या दिवशी ड्यूटी कोण करणार हे आधी ठरवा, नाहीतर पाठवणार नाहीत.

आणि फलकवाल्या सदस्यांना इन्व्हर्टरवर नाव घालून द्या, त्यांचंही भागेल. फक्त एप्रिलनंतरची वही भरायला लागल्याशिवाय फलक लावू नका.


घाटाकडची पंच:

बैठक पुढच्या आठवड्यात आहे. वहीचं पान मी पहिल्यांदा मागणार.